सोने, खापरे आणि हजेरीपट

(प्राचीन इजिप्तच्या अभ्यासाला वळण देणारे काही शोध)

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : पिरॅमिड, ममी आणि तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा. माझ्याही डोळ्यांपुढे त्याच उभ्या राहत. प्रथम वर्षाला असताना प्राचीन संस्कृतींच्या अभ्यासात मी राजघराण्यांची सनावळी परीक्षेपुरती पाठ केली आणि परीक्षा संपल्यावर ती विसरूनही गेले. त्या विषयाकडे मी पुन्हा वळले ते माझ्या आजीमुळे. हे वाचून काहींना नवल वाटेल, कारण माझी आजी निरक्षर आहे, आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आपल्या ग्रंथालयातून इजिप्तवरचे एक सचित्र पुस्तक घरी नेले होते. ओट्यावर बसून मी आजीला गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचे चित्र दाखवले. खुफू नावाच्या राजाने साडेचार हजार वर्षांपूर्वी तो बांधला, त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, त्यात अदमासे २३ लाख दगड आहेत, अशी सगळी माहिती मी मोठ्या ऐटीत सांगितली. आजीने चित्र डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळले आणि विचारले, "येवढं दगूड वाह्यलं कुनी गं? आन् त्यांचं मस्टर कोन भरत व्हतं?"

मला हसू आले. पण आजीचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात आजी नुकतीच लग्न होऊन आमच्या गावात आली होती. त्या साली गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले आणि सासरच्या सगळ्या माणसांबरोबर तीही तेथे खडी फोडायला आणि माती वाहायला गेली. दुपारी सुकडी मिळे. मुकादम मस्टर भरी आणि पगाराच्या दिवशी त्यावर आजीचा अंगठा उठवून घेई. "त्यात माजं नाव बराबर लिव्हलं का न्हाई, मला काय ठावं," असे ती अजूनही म्हणते. तो तलाव आजही आहे. त्याच्या पाण्यावर आमचे अर्धे शिवार भिजते. काम करणाऱ्यांचे नाव मात्र तेथे कोठेही नाही.

तेव्हा पिरॅमिडच्या मजुरांचे मस्टर कोण भरत होते, याचे उत्तर मला देता येईना. पुस्तकात राजाचे नाव होते, राणीचे होते, राजाच्या पुतळ्याचे वजनसुद्धा होते. मजुरांचे काही नव्हते. सुटी संपल्यावर मी हा प्रश्न घेऊन आमच्या इतिहासाच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "शोध घे. उत्तर आहे." त्या शोधातून हाती लागलेले येथे क्रमाने मांडत आहे.

मुकी झालेली अक्षरे

इजिप्तच्या देवळांच्या भिंती, थडगी, खांब, सर्वत्र अक्षरे कोरलेली आहेत. तरीही सुमारे चौदाशे वर्षे पृथ्वीच्या पाठीवर ती वाचणारा एकही माणूस नव्हता. चित्रलिपीतील शेवटचा तारीख असलेला लेख फिले येथील देवळात सापडतो. तो इ. स. ३९४ मधला आहे. त्यानंतर जुना धर्म लयाला गेला, लिपी जाणणारे पुजारी गेले आणि अक्षरे मुकी झाली. पुढच्या विद्वानांनी असा समज करून घेतला की ही अक्षरे नसून गूढ अर्थाची चिन्हे आहेत. एका चित्रात एक तत्त्वज्ञान दडले आहे, असे मानून त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. ते सर्व चुकीचे ठरले.

१७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली. त्याच्या सैन्याबरोबर दीडशेहून अधिक विद्वान, अभियंते व चित्रकार होते. पुढच्या वर्षी, म्हणजे जुलै १७९९ मध्ये, नाईलच्या मुखाशी रशीद या गावी एका जुन्या किल्ल्याची डागडुजी चालू असता बूशार नावाच्या अधिकाऱ्याच्या नजरेला एक काळसर शिळा पडली. कोणीतरी ती पूर्वी बांधकामाचा साधा दगड म्हणून वापरली होती. हीच ती प्रसिद्ध रोझेटा शिळा. तिची उंची ११२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७६० किलो. तिच्यावर तीन लिप्यांत एकच मजकूर आहे : वर चित्रलिपी, मध्ये रोजच्या व्यवहारातील डेमॉटिक लिपी आणि खाली ग्रीक. मजकूर म्हणजे इ. स. पू. १९६ मधील पाचव्या टॉलेमी राजाच्या सन्मानार्थ पुजाऱ्यांनी केलेला ठराव. ग्रीक भाषा विद्वानांना येत होती. तेव्हा कुलूप आणि किल्ली एकाच दगडावर सापडल्यासारखे झाले. फ्रेंचांचा पराभव झाल्यावर शिळा इंग्रजांकडे गेली आणि १८०२ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

परंतु किल्ली सापडली तरी ती फिरवायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. टॉमस यंग या इंग्रज विद्वानाने लांबट गोल चौकटीत लिहिलेले टॉलेमी राजाचे नाव ओळखले. त्यापुढचे काम केले झाँ-फ्राँस्वा शाँपोलियाँ या फ्रेंच तरुणाने. तो एका पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. लहानपणापासून त्याला भाषांचे वेड. इजिप्तमधील ख्रिस्ती चर्चच्या प्रार्थनांत टिकून राहिलेली कॉप्टिक भाषा ही प्राचीन इजिप्शियन भाषेचीच शेवटची पिढी आहे, हे ध्यानी घेऊन तो ती भाषा मनापासून शिकला होता.

त्याची एक युक्ती मला फार आवडली, कारण ती शाळेतल्या मुलालाही कळेल अशी आहे. त्याने शिळेवरील ग्रीक शब्द मोजले. ते भरले ४८६. मग त्याच मजकुराची चित्रलिपीतील चिन्हे मोजली, आणि तीही शिळेचा वरचा भाग फुटलेला असताना. ती भरली १४१९. एक चिन्ह म्हणजे एक शब्द असता तर हा हिशेब जुळला नसता. तेव्हा बरीच चिन्हे ध्वनीची असली पाहिजेत. पुढे टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही दोन नावे शेजारी ठेवून दोहोंत समान असलेले प, ओ, ल हे ध्वनी त्याने जुळवले. मग एका जुन्या देवळातील चौकटीत त्याला सूर्याचे चिन्ह दिसले. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात. पुढच्या चिन्हांसह नाव झाले रामसेस! आपल्या निष्कर्षांचे त्याचे पत्र २७ सप्टेंबर १८२२ रोजी पॅरिसच्या विद्वत्सभेत वाचले गेले. १८३२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, शाँपोलियाँ वारला.

हा शोध पहिला मोलाचा, कारण त्यापूर्वी इजिप्त पाहता येत होता, वाचता येत नव्हता. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंगठाच उठत आला, त्या घरातील मुलीला या दोन शब्दांमधले अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

फुटक्या मडक्यांचे मोल

लिपी वाचता येऊ लागली तरी उत्खननाची रीत सुधारली नव्हती. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये जे खणणारे आले त्यांतले बरेचसे पुतळे, दागिने आणि ममी यांच्या मागे होते. मडक्यांचे तुकडे निघाले की ते उचलून फेकून देत.

१८८० मध्ये फ्लिंडर्स पेट्री नावाचा सत्तावीस वर्षांचा इंग्रज तरुण गिझाचा पिरॅमिड मोजण्यासाठी इजिप्तमध्ये आला. प्रकृती नाजूक म्हणून तो कधी शाळेतही गेला नव्हता. जे शिकला ते घरी शिकला. खापरे फेकून देण्याची ही तऱ्हा पाहून तो अस्वस्थ झाला. त्याचे म्हणणे असे की लहानातली लहान वस्तूसुद्धा जेथे सापडली त्या जागेसह नोंदवली पाहिजे.

१८९४-९५ च्या हिवाळ्यात नकादा येथे त्याला लेखनाच्या पूर्वीच्या काळातील दोन हजारांवर कबरी मिळाल्या. लेख नाही, राजाचे नाव नाही. मग आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे ठरवायचे कसे? पेट्रीने प्रत्येक कबरीतील मडक्यांची नोंद एकेका कागदी पट्टीवर केली आणि त्या पट्ट्या वरखाली हलवीत बसला. एका प्रकारच्या रांजणाला दोन्ही बाजूंना नागमोडी कान होते. काही रांजणांवर ते हातात धरण्याजोगे, काहींवर लहान, तर काहींवर नुसती शोभेची नागमोडी रेघ उरलेली. जी वस्तू आधी उपयोगाची असते ती पुढे सवयीने शोभेची होते, हे ओळखून त्याने कबरींचा क्रम लावला. १८९९ मध्ये त्याने ही पद्धत जगापुढे मांडली. तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या आजही पुरातत्त्वात वापरतात.

आपल्याकडे उकिरड्यावर पडलेल्या खापराला काडीची किंमत नसते. पेट्रीने दाखवून दिले की इतिहासाचे कॅलेंडर त्यातच आहे.

पांढरीच्या मातीतून

खेड्यातल्या वाचकांना पांढरीची माती ठाऊक असेल. जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती खत म्हणून शेतात टाकतात. इजिप्तमध्येही नेमकी हीच चाल होती. १८८७ मध्ये अमार्ना येथे एक शेतकरी बाई अशीच माती खणत असता तिला मातीच्या लहान वड्या सापडल्या, असे सांगतात. त्यांवर बाणाच्या टोकांसारखी अक्षरे होती. प्रथम पुष्कळांना त्या बनावट वाटल्या. काही वड्या फुटल्या, काही हरवल्या. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक वड्या आज निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत आहेत.

त्या वड्या म्हणजे इ. स. पू. चौदाव्या शतकातील परराष्ट्र खात्याचे दप्तरच निघाले! तिसरा अमेनहोतेप आणि त्याचा मुलगा अखेनातेन यांना बॅबिलोन, मितन्नी इत्यादी देशांच्या राजांनी आणि पॅलेस्टाईन-सीरियातील मांडलिकांनी लिहिलेली ही पत्रे आहेत. राजे एकमेकांना भाऊ म्हणतात आणि लगेच सोने मागतात. मुलींची लग्ने जुळवतात, भेट हलकी आली म्हणून रुसतात. देवळांच्या भिंतींवर जो फारो सर्व जगाचा स्वामी आहे, तो या पत्रांत शेजाऱ्यांशी घासाघीस करणारा माणूस आहे. इजिप्त हा एकटा बेटासारखा देश नव्हता, हे या शोधाने पक्के केले. मात्र ज्या बाईच्या हातून हा शोध लागला, तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आजीचा प्रश्न मला येथे पुन्हा आठवला.

एकोणीस वर्षांचा राजा

आता सोन्याकडे वळू. हॉवर्ड कार्टर यालाही औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. सतराव्या वर्षी, १८९१ मध्ये, तो थडग्यांतील चित्रांच्या नकला काढण्याच्या नोकरीवर इजिप्तला आला. पुढे लॉर्ड कार्नार्व्हन यांच्या पैशावर त्याने राजांच्या दरीत वर्षानुवर्षे शोध घेतला. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी कामगारांना मलब्याखाली खडकात खोदलेली एक पायरी लागली. २६ नोव्हेंबरला भिंतीला भोक पाडून मेणबत्तीच्या उजेडात कार्टरने आत पाहिले. चार खोल्यांत मिळून ५३९८ वस्तू निघाल्या. सर्वांत आतील शवपेटी भरीव सोन्याची असून तिचे वजन सुमारे ११० किलो आहे.

कार्टरचे खरे मोठेपण मला त्याने सोने शोधण्यात वाटत नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन, जागेवरच छायाचित्र काढून, सुकलेल्या फुलांचे हारसुद्धा जपत त्याने ती चार खोल्यांची जागा रिकामी करायला जवळजवळ दहा वर्षे घेतली. पेट्रीच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती, ती येथे दिसते. अहमद गेरिगर इत्यादी आपल्या इजिप्शियन मुकादमांचे आभार त्याने ग्रंथात नावानिशी मानले आहेत. टोपल्या वाहणारी माणसे आणि पोरे मात्र निनावीच राहिली.

तुतनखामेन वारला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. म्हणजे माझ्याच वयाचा. त्याच्या चपला, काठ्या, खेळाचे पट, लहानपणी बसायची खुर्ची हे सारे मिळाले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गिझाजवळ जे नवे भव्य संग्रहालय रीतसर सुरू झाले, तेथे या सर्व वस्तू प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. पण एक गोष्ट मिळाली नाही. एका पेटीत पपायरसच्या गुंडाळ्या आहेत असे प्रथम वाटले आणि विद्वान आनंदून गेले. पाहतात तो त्या कापडाच्या गुंडाळ्या निघाल्या! त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत सांगणारे दप्तर त्या सगळ्या सोन्यात नव्हते. हा राजा कसा वागला, कोणाला भ्याला, त्याच्या वेळी लोकांना पोटभर अन्न होते की नव्हते, हे सोने सांगत नाही.

डोंगरापलीकडचे गाव

योगायोग असा की त्याच १९२२ साली, त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, बेर्नार ब्रुयेर नावाच्या फ्रेंच संशोधकाने एका ओसाड गावात काम सुरू केले. गावाचे आजचे नाव देर अल-मदिना. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तेथे बायकामुलांसह राहत. तटाच्या आत अडुसष्टच्या आसपास घरे. ब्रुयेर मधली युद्धाची वर्षे वगळता १९५१ पर्यंत तेथे खणत राहिला. वर्तमानपत्रांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही, कारण जग डोंगरापलीकडचे सोने पाहण्यात गुंतले होते.

त्या गावाला पाणी नव्हते. गाढवांवरून नदीचे पाणी आणावे लागे. गावाच्या उत्तरेला एक प्रचंड खड्डा आहे. बहुधा विहिरीसाठी तो खणला असावा, पण पाणी लागले नाही आणि पुढे त्यात केरकचरा पडत गेला. कोरड्या विहिरीचे दुःख आमच्या भागात कोणाला सांगायला नको. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या विहिरीला जे लागले ते पाण्यासारखेच म्हणावे लागेल. त्या कचऱ्यातून शाई लागलेली हजारो खापरे आणि चुनखडीचे कपचे निघाले. पपायरस महाग, म्हणून गावातील माणसे रोजचे लिखाण खापरांवर करीत. धोब्याच्या याद्या, उधारीचे हिशेब, भांडणे, औषधे, प्रेमगीते, सगळे त्यांवर आहे. यारोस्लाव चेर्नी नावाच्या चेक विद्वानाने ही खापरे वाचण्यात आयुष्य वेचले. सुरुवातीची काही वर्षे तो बँकेत कारकुनी करून हा अभ्यास करीत असे.

आणि येथे मला पहिला हजेरीपट भेटला! तो चुनखडीच्या एका मोठ्या कपच्यावर आहे आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातील २८० दिवसांच्या या नोंदीत सुमारे चाळीस कामगारांची नावे, आणि कोण कोणत्या दिवशी का आला नाही याची कारणे दिली आहेत. आजारी. विंचू चावला. डोळ्यांचे दुखणे. आईचा अंत्यविधी. घरी बिअर गाळायची होती. बायको किंवा मुलगी बाहेरची बसली. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या माणसांची ही कारणे वाचताना ती आपल्याच आळीतली वाटतात.

याच गावातील नौनाख्त नावाच्या म्हातारीचे मृत्युपत्र सापडले आहे. तिला आठ मुले. ज्यांनी म्हातारपणी आपल्याला पाहिले नाही त्यांना आपल्या मालमत्तेतून वाटा नाही, असे तिने साक्षीदारांसमोर बजावून लिहवून घेतले. एका मुलाने सेवा केली म्हणून त्याला काशाचे एक भांडे जास्तीचे दिले. म्हणजे बाईची स्वतःची मालमत्ता होती आणि तिचा शब्द कायद्यात टिकत होता. हे एकट्या मोठ्या देवळांच्या भिंतींवरून आपल्याला कळले नसते.

कामगारांना मजुरी धान्यात मिळे. साध्या कामगाराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार सातू. 'खार' हे त्यांचे माप सुमारे ७७ लिटरचे. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, हे धान्य वेळेवर येईना. एके दिवशी सगळे कामगार हत्यारे खाली ठेवून तट ओलांडून बाहेर पडले आणि एका देवळामागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे. अधिकाऱ्यांनी समजूत घातली तरी ते उठले नाहीत. पुढे धान्य मिळाले. पुन्हा थकले, पुन्हा ते बसले. इटलीतील तुरीन येथे असलेल्या एका पपायरसवर ही हकीकत आहे. लेखी पुरावा असलेला जगातील हा पहिला संप मानतात.

पिरॅमिडच्या सावलीत

येथपर्यंत आल्यावर मला धीर आला. पण देर अल-मदिनाची माणसे खुफूनंतर हजाराहून अधिक वर्षांनी झाली. आजीने विचारले होते पिरॅमिडचे.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने एक लाख माणसे पाळीपाळीने वीस वर्षे राबत होती असे लिहून ठेवले. तो स्वतःच पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी जन्मलेला. चाबकाचे फटके खाणारे गुलाम हे चित्र पुढे सिनेमाने लोकांच्या मनात पक्के केले. १९९० मध्ये गिझाच्या पठाराच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय वाळूत दडलेल्या मातीच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिडच्या कामगारांच्या कबरी उजेडात आल्या. तेथील उत्खनन झाही हवास यांनी केले. जवळच मार्क लेनर यांना कामगारांची वस्ती, भाकरीच्या भट्ट्या आणि गुराढोरांच्या हाडांचे ढीग मिळाले. माणसांच्या सांगाड्यांत पाठीचे मणके आणि गुडघे झिजलेले आहेत. मोडलेले हात नीट बसवून सांधलेले आहेत. कोणीतरी औषधपाणी करीत होते. गुलामाला राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत कबर मिळत नाही. म्हणून हे बहुतांशी वेठीवर किंवा पाळीवर आलेले, धान्य-भाकरीवर काम करणारे प्रजाजन होते, असे आज मानतात. त्यांची संख्याही लाख नसून वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. पिरॅमिडच्या आतल्या दगडांवर टोळ्यांनी आपापली नावे गेरूने रंगवलेली आहेत. एका टोळीचे नाव 'खुफूचे मित्र', तर तिसऱ्या पिरॅमिडवरील एका टोळीचे 'मेनकौरेचे झिंगलेले गडी'!

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आणि अखेर २०१३ साल. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ नावाची जागा आहे. तेथे खुफूच्या काळी बंदर होते. डोंगरात कोरलेल्या लांबट गुहांत होड्या ठेवीत आणि काम संपले की गुहेचे तोंड मोठमोठ्या दगडांनी बंद करीत. पियेर ताले या फ्रेंच संशोधकाच्या पथकाला त्या दगडांच्या फटीत पपायरसचे शेकडो तुकडे सापडले. लेखन असलेले जगातील सर्वांत जुने पपायरस ते हेच.

त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीस-एक माणसांची टोळी. नाईलच्या पलीकडच्या काठावरील तुरा येथील खाणीतून पांढरी चुनखडी होडीत भरायची आणि गिझाला नेऊन उतरवायची, हे त्यांचे काम. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज कोठे मुक्काम, उद्या कोठे, किती दिवस दगड भरले, सगळे एकेका दिवसाच्या रकान्यात आहे. साल खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटचे, आणि दगड त्याच पिरॅमिडच्या बाहेरच्या आवरणाचे. जोडीला शिध्याचे हिशेब आहेत : किती यायचे होते, किती आले, किती बाकी. लाल आणि काळ्या शाईने.

हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि वसतिगृहात सामसूम होती. मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "आजी, मस्टर सापडलं!"

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आजीला सर्व सांगितले. मेरेरच्या टोळीतील दगड उचलणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्या रोजनिशीत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले. आजी म्हणाली, "मुकादमाचंच नाव ऱ्हातं." मग मी खापरांवरचा हजेरीपट सांगितला, त्यात साध्या गड्यांची नावे आहेत म्हणाले. आणि धान्य थकल्यावर देवळामागे जाऊन बसलेल्या कामगारांची गोष्ट सांगितली. आजीचे हात तीळ निवडता निवडता थांबले. ती म्हणाली, "मंग, आमी बी बसलो व्हतो की! तीन हप्त्यांचा पगार थकला व्हता. समद्या बाया तलावाच्या भराव्यावर बसून ऱ्हायलो. सांजच्याला सायेब आला."

एकोणीस वर्षे मी त्या घरात वाढले. तलावात पोहायला शिकले. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती.

त्या रात्री मी वही काढली. आजी आठवून आठवून नावे सांगत गेली आणि मी लिहीत गेले. एकतीस नावे झाली. चौघींची नावे तिलाही आठवेनात. त्या कोणाच्या तरी आई, कोणाच्या तरी जाऊ म्हणूनच तिला ठाऊक होत्या. त्या जागा मी कोऱ्या ठेवल्या आहेत. त्यांच्या घरी जाऊन विचारायचे आहे, आणि लवकर, कारण भराव्यावर बसलेल्यांपैकी आता मोजक्याच जणी उरल्या आहेत.

मित्रमैत्रिणींनो, प्राचीन इजिप्तचा इतिहास शाँपोलियाँने वाचता आणला, पेट्रीने खापरांतून लावला आणि ब्रुयेरने कचऱ्याच्या खड्ड्यातून वर काढला. आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातले पहिले लिहिते हात आहेत. आपल्या गावचा तलाव, रस्ता, शाळेची इमारत कोणाच्या हातांनी उभी राहिली, हे सांगणारी माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एक दोनशे पानी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, एवढीच विनंती. ज्यांनी बसून नावे आणली असतील, त्यांनी जूनमध्ये इतिहास विभागात मला भेटावे. सरांनी त्या वह्यांसाठी कपाटाचा एक कप्पा मोकळा करून दिला आहे.